दोन उन्हाळ्यांमधली वाट : ऑस्ट्रेलियन बेसबॉलपटू आणि अमेरिकेतील मेजर लीग

बेसबॉल हा उन्हाळ्याचा खेळ आहे, आणि ऑस्ट्रेलियन बेसबॉलपटूच्या वाट्याला वर्षातून दोन उन्हाळे येतात. उत्तर गोलार्धात वसंताच्या आरंभापासून सप्टेंबरपर्यंत अमेरिकेतील मेजर लीगचा १६२ सामन्यांचा हंगाम चालतो. तो संपून तिकडची मैदाने गारठू लागतात तेव्हा पर्थ, ॲडलेड, ब्रिस्बेन आणि सिडनी येथे दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा चढू लागलेला असतो. मेजर लीग म्हणजे ३० व्यावसायिक संघांची, त्यांतील एक कॅनडातील आणि बाकीचे अमेरिकेतील, या खेळातील जगातली सर्वोच्च साखळी. या साखळीत १८८४ पासून आजवर ऑस्ट्रेलियात जन्मलेले किंवा वाढलेले जेमतेम चाळिसाच्या घरातील खेळाडू पोहोचले. ही यादी निरखून पाहिली तर तिच्यात एक ठळक विषमता दिसते. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात, आणि अमेरिकन संघात पिचर आणि इतर खेळाडू यांचे प्रमाण साधारण निम्मे-निम्मे असते. ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या यादीत मात्र सुमारे दोन तृतीयांश पिचर आहेत. बॅट हाती घेऊन त्या साखळीत वर्षानुवर्षे टिकलेल्या ऑस्ट्रेलियनांची नावे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. असे का घडले, या प्रश्नाचे उत्तर खेळाडूंच्या अंगच्या गुणांपेक्षा ते ज्या व्यवस्थेत घडले आणि जिच्यातून निवडले गेले त्या व्यवस्थेत अधिक सापडते, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

यादीतील पहिलेच नाव या नियमाला अपवाद आहे. जो क्विन याचा जन्म १८६० च्या दशकात क्वीन्सलंडमधील इप्सविचच्या परिसरात एका आयरिश कुटुंबात झाला, परंतु तो बालपणीच कुटुंबासह अमेरिकेत गेला आणि आयोवा राज्यातील डब्यूक येथे वाढला. म्हणजे जन्माने ऑस्ट्रेलियन असला तरी खेळ तो अमेरिकेतच शिकला. १८८४ ते १९०१ या काळात त्याने सतराशेहून अधिक सामने खेळले, तेही मुख्यतः सेकंड बेसच्या जागी, म्हणजे मैदानाच्या आतल्या चौकोनात उजव्या बाजूला, जिथे चपळ पाय आणि अचूक हात लागतात. सेंट लुईस येथे त्याचा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय होता. इतिहासात मात्र त्याचे नाव अधिक दुर्दैवी कारणासाठी घेतले जाते. १८९९ मध्ये क्लीव्हलंड स्पायडर्स या संघाच्या मालकांनी सेंट लुईसचाही संघ विकत घेतला, आपले उत्तम खेळाडू तिकडे हलवले आणि उरलेल्या मोडक्या संघाची धुरा हंगाम सुरू असतानाच क्विनच्या खांद्यावर टाकली. त्या संघाने २० सामने जिंकले आणि १३४ गमावले. त्यांतील १२ विजय आणि १०४ पराभव क्विनच्या व्यवस्थापनाखालचे होते. मेजर लीगच्या इतिहासात याहून वाईट हंगाम कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही, आणि पुढच्याच वर्षी तो संघ साखळीतून काढून टाकण्यात आला. ज्याच्या हाती संघच उरला नव्हता त्याच्या माथी हा आकडा मारला जावा, हा क्विनवर झालेला अन्याय होय, कारण एरवी तो आपल्या काळातील सभ्य आणि भरवशाचा खेळाडू म्हणून ओळखला जात होता.

क्विननंतर पुढचा ऑस्ट्रेलियन मेजर लीगमध्ये उतरण्यास ८५ वर्षे लागली. या दीर्घ खंडाचे कारण ऑस्ट्रेलियात बेसबॉल नव्हता असे मुळीच नाही. क्रीडासाहित्याचा कारखानदार असलेल्या अल्बर्ट स्पाल्डिंगने १८८८ च्या डिसेंबरात शिकागोचा संघ आणि अमेरिकेतील निवडक खेळाडूंचा दुसरा संघ घेऊन सिडनी, मेलबर्न, ॲडलेड आणि बॅलरॅट येथे सामने भरवले होते, आणि तेथून ही मंडळी कोलंबोमार्गे इजिप्तकडे गेली होती. १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा एक संघ अमेरिकेच्या दौऱ्यावरही जाऊन आला. १९३४ पासून राज्यांच्या संघांमध्ये क्लॅक्स्टन शील्ड ही स्पर्धा खेळली जाऊ लागली; दक्षिण ऑस्ट्रेलियातील क्रीडाप्रेमी नॉरी क्लॅक्स्टन यांनी दिलेल्या ढालीवरून तिला हे नाव मिळाले. खेळ होता, स्पर्धा होती, प्रेक्षकही होते. फक्त ऋतू उलटा होता. उन्हाळा क्रिकेटच्या मालकीचा असल्यामुळे बेसबॉल हिवाळ्यात खेळला जाई, आणि तो खेळणाऱ्यांत हिवाळाभर हात-पाय मोकळे ठेवू इच्छिणारे क्रिकेटपटू मोठ्या संख्येने असत. बिल पॉन्सफर्ड, व्हिक्टर रिचर्डसन, नील हार्वी, नॉर्म ओ'नील ही कसोटी क्रिकेटमधील नावे बेसबॉलच्या मैदानावरही गाजली. इयान चॅपेल दक्षिण ऑस्ट्रेलियासाठी कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून पिचरचा चेंडू झेलणाऱ्या, क्रिकेटमधील यष्टिरक्षकाशी काहीसे नाते असलेल्या जागेवर खेळत असे. ओ'नीलकडे तर अमेरिकन संघांचेही लक्ष गेले होते, परंतु त्याने क्रिकेटच निवडले. ज्याच्या हातात खरी ताकद आणि डोळ्यात खरी पारख होती असा मुलगा उन्हाळा आला की पांढरे कपडे घालून क्रिकेटच्या खेळपट्टीवर जाई, आणि बेसबॉलकडे त्याचे उरलेले निम्मे वर्ष तेवढे येई. १९७० च्या दशकात बेसबॉल हळूहळू उन्हाळ्यात आला आणि प्रथमच त्याला क्रिकेटशी उघड स्पर्धा करावी लागली. परंतु त्यामुळेच पूर्ण वेळ बेसबॉलचाच विचार करणारी पहिली पिढीही तयार झाली.

या पिढीचा पहिला प्रतिनिधी पॅरामॅटा येथे जन्मलेला क्रेग शिप्ली. तो अलाबामा विद्यापीठात खेळला आणि जून १९८६ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. तो कधी तारा झाला नाही. वेगवेगळ्या जागी गरजेप्रमाणे उभा राहणारा, संघाला सोयीचा खेळाडू म्हणून तो टिकला, आणि नंतर अनेक संघांच्या कार्यालयांत खेळाडूंची पारख करणारा वरिष्ठ अधिकारी झाला. मार्ग आहे एवढे त्याने दाखवले, आणि पहिल्या माणसाकडून याहून अधिकची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

हा मार्ग कसा आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढची कहाणी उलगडत नाही. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांतील खेळाडू ड्राफ्टमधून घेतले जातात, म्हणजे सर्व संघ वर्षातून एकदा ठरलेल्या क्रमाने एकेक नवोदित निवडतात. ऑस्ट्रेलियात राहणारा मुलगा या पद्धतीच्या बाहेर असतो. कोणताही संघ त्याच्याशी वयाच्या सोळाव्या वर्षापासून थेट करार करू शकतो. त्यानंतर त्याला मायनर लीगच्या पायऱ्या चढाव्या लागतात. या दुय्यम साखळ्यांना सर्वांत खालच्या रूकी पातळीपासून ट्रिपल-ए पर्यंत चार-पाच टप्पे असतात, लहान गावांमधून रात्रभर बसने प्रवास असतो, आणि मोबदला मेजर लीगच्या तुलनेत नगण्य असतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने घरापासून अर्ध्या जगाच्या अंतरावर हे जिणे पत्करायचे, आणि पाच-सहा वर्षांनंतरही वर जाता येईल याची हमी नाही. जे परत आले ते बहुसंख्य आहेत, आणि त्यांची नावे कुठल्याही यादीत नाहीत.

आता पिचर आणि फलंदाज यांच्यातील फरकाकडे यावे लागते. मेजर लीगमध्ये पिचर सुमारे साडेअठरा मीटर अंतरावरून तासाला दीडशे किलोमीटरच्या वेगाने चेंडू फेकतो. तो फलंदाजापर्यंत पोहोचण्यास अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळात मारायचे की सोडायचे हे ठरवावे लागते. ही पारख चेंडू सुटताना पिचरच्या बोटांची ठेवण, चेंडूवरच्या शिवणीची फिरकी आणि हजारो वेळा पाहिलेल्या फेकींच्या स्मृतीवर उभी असते. क्रिकेटमध्ये फलंदाजाला निदान टप्पा पडल्यानंतरचा एक क्षण मिळतो. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. म्हणून फलंदाज घडवायचा तर त्याला लहान वयापासून उत्तम वेगवान पिचर समोर हवेत, आणि शनिवार-रविवारच्या क्लब सामन्यांतून ते मिळत नाहीत. पिचरचे तसे नाही. त्याच्या हाताचा वेग यंत्रावर मोजता येतो. समोर कोण उभा आहे यावर तो आकडा अवलंबून नसतो. अमेरिकन संघाचा पारखी पर्थला आला आणि एखादा मुलगा दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढे फेकताना दिसला, तरी तो हात कसा आहे हे त्याला कळते. तोच मुलगा बॅट घेऊन उभा राहिला तर त्याने दुबळ्या पिचरला मारलेला षटकारासारखा फटका काहीच सिद्ध करत नाही. हात जहाजात भरून पाठवता येतो, डोळा पाठवता येत नाही, असेच जणू या निवडपद्धतीचे म्हणणे होते.

एप्रिल १९९३ मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सच्या एका सामन्यात जीलॉन्गचा डावखुरा पिचर ग्रॅम लॉईड आणि ब्रिस्बेनचा कॅचर डेव्ह निल्सन यांनी मेजर लीगमधील पहिली पूर्ण ऑस्ट्रेलियन बॅटरी, म्हणजे पिचर-कॅचरची जोडी, उभी केली. लॉईड हा रिलीव्हर होता. सामना सुरू करणारा पिचर थकला किंवा डगमगला की त्याच्या जागी येणाऱ्याला रिलीव्हर म्हणतात. २०२० पूर्वी कधी दोन फलंदाजांसाठी, कधी एकट्या डावखुऱ्या फलंदाजासाठी त्याला बोलावले जाई, आणि एका चुकीत त्याचे आठवड्याभराचे काम पाण्यात जाई. १९९६ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीज संघात गेला, आरंभी तेथील प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, परंतु त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन उपसाखळ्यांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकेत, त्याने अटलांटाविरुद्धचा चौथा सामना फिरवण्यात मोलाचा वाटा उचलला. यांकीज त्या सामन्यात ०-६ असे मागे होते. नवव्या डावात लॉईडने फ्रेड मॅकग्रिफसारख्या बलाढ्य फलंदाजाचा चेंडू जमिनीवर घालवून एकाच फटक्यात दोघांना बाद करवले, संघ दहाव्या डावात ८-६ असा जिंकला, आणि विजय लॉईडच्या नावावर नोंदला गेला. १९९८ मध्ये तो पुन्हा विजेत्या संघात होता.

निल्सनची गोष्ट मात्र या सर्वांहून वेगळी आणि अधिक विचार करायला लावणारी आहे. १९९९ मध्ये तो तिशीत पोहोचला होता, त्याने ०.३०९ च्या सरासरीने फलंदाजी केली होती, म्हणजे दर दहा प्रयत्नांत तीनहून अधिक वेळा हिट, म्हणजे सुखरूप बेस गाठून देणारे फटके, मिळवले होते, २१ होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके, काढले होते आणि हंगामातील निवडक ताऱ्यांच्या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन ठरला होता. अशा खेळाडूपुढे मोठा करार उभा असतो. त्याच काळात सिडनीला २००० चे ऑलिम्पिक भरणार होते, आणि मेजर लीगच्या मुख्य यादीतील खेळाडूंना ऑलिम्पिकमध्ये खेळण्यास मोकळीक नव्हती. निल्सनने मेजर लीग सोडली. जपानी व्यवस्थेत ऑलिम्पिकसाठी सुट्टी मिळू शकत होती म्हणून तो नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स संघाकडे गेला, तेथे त्याने ‘डिंगो’ या नावाने नोंदणी केली, आणि सप्टेंबरमध्ये आपल्या देशाच्या गणवेशात सिडनीच्या मैदानावर उतरला. संघ पदकापासून दूर राहिला. जपानमधील त्याचा हंगामही फिका गेला. मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळला नाही. १०५ होमरनवर त्याची कारकीर्द थांबली. पैशाच्या हिशेबाने हा व्यवहार आतबट्ट्याचा होता हे उघड आहे, परंतु हा हिशेब त्याला ठाऊक नव्हता असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. १९८९ मध्ये सुरू झालेली ऑस्ट्रेलियन बेसबॉल लीग दहा वर्षांत डबघाईला आली तेव्हा तिचे हक्क विकत घेणाराही निल्सनच होता, आणि तो प्रयत्नही थोड्याच वर्षांत बुडाला. मातृभूमीत खेळ रुजावा म्हणून आपल्या उत्तम वर्षांची आणि पैशाची अशी किंमत मोजणारा दुसरा खेळाडू या इतिहासात नाही. चार वर्षांनी अथेन्सला त्याला थोडी भरपाई मिळाली: उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने जपानच्या व्यावसायिक ताऱ्यांनी भरलेल्या संघाला १-० असे हरवले आणि रौप्यपदक मिळवले. त्या संघाचा कॅचर निल्सन होता.

लॉईडनंतर ऑस्ट्रेलियन पिचरांची रांगच लागली, आणि त्यांच्यातील सर्वांत बोलक्या कहाण्या पहिल्या प्रयत्नात नाकारल्या गेलेल्यांच्या आहेत. पर्थच्या पीटर मॉयलनला मिनेसोटा ट्विन्सने किशोरवयात करारबद्ध केले आणि दोनेक हंगामांनी सोडून दिले. तो घरी परतला आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून दवाखान्यांच्या फेऱ्या मारू लागला. पाठीच्या दुखण्यामुळे त्याने हात डोक्यावरून आणण्याऐवजी बाजूने फिरवून फेकायला सुरुवात केली, आणि आश्चर्य म्हणजे त्या साइडआर्म फेकीत वेग कमी होण्याऐवजी वाढला. २००६ च्या पहिल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संघांच्या जागतिक स्पर्धेत, अमेरिकन पारख्यांनी सत्तावीस वर्षांच्या या माणसाला पाहिले. मार्चमध्ये अटलांटा ब्रेव्हजने करार केला आणि एप्रिलमध्ये तो मेजर लीगमध्ये उभा होता. २००९ मध्ये त्याने ८७ सामन्यांत गोलंदाजी केली आणि एकही होमरन दिला नाही. सिडनीच्या ग्रँट बॅलफोरनेही दुखापतींमुळे वर्षे गमावली, आणि तरीही २०१३ मध्ये ओकलंडचा क्लोजर, म्हणजे निसटती आघाडी राखण्यासाठी शेवटच्या डावात येणारा पिचर, म्हणून तो ऑल-स्टार ठरला. लागोपाठ ४४ वेळा त्याने ती आघाडी राखली, हा त्या संघाचा विक्रम होता.

लियाम हेन्ड्रिक्सच्या वाट्याला नकार इतक्या वेळा आला की त्यांची मोजदादही कठीण व्हावी. पर्थमध्ये जन्मलेल्या, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणाऱ्या बापाच्या या मुलाने २०११ मध्ये मिनेसोटाकडून पदार्पण केले, परंतु सामना सुरू करणारा पिचर म्हणून तो अपयशी ठरला, आणि नंतर एका संघाने सोडावे, दुसऱ्याने उचलावे असे त्याचे चालले. जून २०१८ मध्ये ओकलंडने त्याला ‘असाइनमेंट’साठी मोकळे केले, याचा अर्थ असा की संघ खेळाडूला ४० जणांच्या मुख्य यादीतून काढतो आणि इतर कोणताही संघ त्याचा करार उचलून त्याला घेऊ शकतो. एकाही संघाने हेन्ड्रिक्सला घेतले नाही. तो मायनर लीगमध्ये गेला, तेथे त्याने वेग वाढवला, सप्टेंबरमध्ये परतला आणि ऑक्टोबरात यांकी स्टेडियमवर बाद फेरीच्या सामन्याचा पहिला चेंडू त्याच्याच हातात देण्यात आला. पुढच्या वर्षी तो ऑल-स्टार झाला. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे तो मेजर लीगच्या दोन उपसाखळ्यांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रिलीव्हर ठरला. शिकागो व्हाईट सॉक्सने त्याच्याशी तीन वर्षांसाठी ५ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. जानेवारी २०२३ मध्ये त्याने आपल्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा रक्तपेशींचा कर्करोग झाल्याचे जाहीर केले. उपचार पूर्ण करून त्याच वर्षीच्या मे अखेरीस तो शिकागोच्या मैदानावर धावत आला तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू टाळ्या वाजवत उभे होते. काही आठवड्यांतच कोपराचा अस्थिबंध निकामी झाला आणि त्याच्या जागी दुसरा स्नायुबंध बसवण्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया त्याला करावी लागली. त्यातूनही तो पुन्हा उभा राहिला, आणि बोस्टनकडून खेळला. या माणसाच्या चिवटपणाचे वर्णन करताना संयम राखणे कठीण जाते, आणि तो राखण्याची फारशी गरजही नाही.

फलंदाजांच्या बाजूला मात्र तुटलेल्या वाटाच अधिक दिसतात. ग्लेन विल्यम्स किशोरवयात मोठी रक्कम घेऊन करारबद्ध झाला, बारा वर्षे मायनर लीगमध्ये राबला, आणि २००५ मध्ये मिनेसोटाकडून १३ सामने खेळला. त्या तेराही सामन्यांत त्याला हिट मिळाले आणि सरासरी ०.४२५ होती. खांद्याला दुखापत झाली आणि मेजर लीगची दारे पुन्हा उघडली नाहीत. पुढे हाच विल्यम्स ऑस्ट्रेलियन बेसबॉल संघटनेचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला.

मधल्या काळात देशातली व्यवस्था पुन्हा उभी राहिली. मेजर लीगने २००१ पासून गोल्ड कोस्ट येथे दर हिवाळ्यात उगवत्या खेळाडूंची अकादमी चालवली, आणि २०१० मध्ये नव्या ऑस्ट्रेलियन बेसबॉल लीगला तिने बहुतांश भांडवल पुरवले. २०१६ मध्ये तिने हात काढून घेतला, तरी लीग चालू राहिली. या लीगचे महत्त्व दुहेरी आहे: अमेरिकन संघ आपले तरुण खेळाडू उन्हाळ्यात इकडे पाठवतात, आणि त्यामुळे स्थानिक फलंदाजांना चांगले पिचर घरच्या मैदानावर भेटतात. अटलांटाचा पुढे गाजलेला रोनाल्ड अकुन्या तरुणपणी मेलबर्नच्या संघातून खेळून गेला. मार्च २०२३ मध्ये निल्सनच्या मार्गदर्शनाखाली, नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्या अनेकांना घेऊन गेलेल्या राष्ट्रीय संघाने टोकियो डोममध्ये दक्षिण कोरियाला ८-७ असे हरवले आणि क्लासिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत प्रथमच प्रवेश केला; तेथे क्यूबाने त्यांना ४-३ असे रोखले. त्या विजयातील सहा धावा बॅटच्या दोन फटक्यांतून, दोन तीन-धावी होमरनांतून आल्या होत्या, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदवावीशी वाटते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲडलेडच्या कर्टिस मीडने टॅम्पा बे संघाकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केले. त्याच्या बदल्यात टॅम्पाने काही वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाला क्रिस्टोफर सांचेझ नावाचा अपरिचित डावखुरा पिचर दिला होता, जो पुढे त्या साखळीतील अव्वल पिचरांत गणला गेला. म्हणजे एका ऑस्ट्रेलियन मुलाच्या बॅटवर किती विश्वास टाकला गेला होता, हे त्या अदलाबदलीवरून दिसते. आणि १४ जुलै २०२४ रोजी क्लीव्हलंड गार्डियन्सने ड्राफ्टमधील पहिली निवड म्हणून सिडनीच्या ट्रॅव्हिस बझानाचे नाव पुकारले. ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन, आणि या पहिल्या क्रमांकावर घेतला गेलेला पहिला सेकंड बेसचा खेळाडू. ऑस्ट्रेलियात राहणारा मुलगा ड्राफ्टच्या बाहेर असतो, तरी बझाना त्यात आला, कारण तो ओरेगन स्टेट विद्यापीठात शिकत होता; तेथील तीन हंगामांत त्याने अमेरिकन महाविद्यालयांतील उत्तमोत्तम पिचर पाहिले आणि शेवटच्या हंगामात ०.४०७ च्या सरासरीने २८ होमरन काढले.

सिडनीच्या उपनगरातील क्लबमध्ये खेळ शिकलेला हा मुलगा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी थेट कराराऐवजी वर्गखोली आणि महाविद्यालयाचे मैदान निवडून गेला, आणि जो डोळा घरी घडत नव्हता तो त्याने तेथे घडवला. क्विन ज्या शहराच्या संघातून १८९९ च्या उन्हाळ्यात सेकंड बेसवर उभा राहून पराभव मोजत होता, त्याच शहराच्या, वेगळ्या मालकीच्या आणि वेगळ्या नावाच्या संघाने सव्वाशे वर्षांनी त्याच जागेसाठी दुसऱ्या ऑस्ट्रेलियनाला निवडले. फरक एवढाच की क्विनला त्याच्या आईबापांनी बोटीत बसवून नेले होते, आणि बझाना आपल्या पायांनी चालत गेला.